खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातील अनोळखी रॅस मासा कसा ओळखावा?

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय ठेवणाऱ्या हौशी मत्स्यपालकांकडे क्लाउनफिश, डॅमसेल यांच्या जोडीला एखादा तरी रॅस मासा असतोच. दुकानात तो बहुधा पाच-सहा सें.मी. लांबीचा, भडक रंगाचा आणि ‘रेड कोरिस’, ‘मिक्स रॅस’, ‘क्लीनर’ अशा मोघम नावाने मिळतो. चार-सहा महिन्यांत त्याचा रंग पालटतो, अंगावरचे पट्टे पुसट होतात आणि दुकानदाराने सांगितलेल्या नावाशी मासा जुळेनासा होतो. मग हा मासा नेमका कोणता, हा प्रश्न पडतो.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. रॅस गटात १२ सें.मी.वर वाढ थांबणारा मासा आहे, तसाच सव्वा मीटरच्या घरात जाणाराही आहे. लहानपणी दोघेही एकाच टाकीत, एकाच किमतीला विकले जाऊ शकतात. काही रॅस प्रवाळांना अजिबात धक्का लावत नाहीत, तर काही टाकीतील शंख, शंखखेकडे आणि कोळंबी संपवतात. काहींना वाळू नसेल तर ते तणावाखाली येतात, काहींना वाळूची गरजच नसते. त्यामुळे नाव चुकले की आहार, टाकीचा आकार आणि सोबतचे मासे, सगळेच चुकते आणि नुकसान महिन्याभरात दिसू लागते.

रॅस कुळाची सर्वसाधारण ओळख

रॅस म्हणजे लॅब्रिडी कुळातील मासे. या कुळात ५०० हून अधिक प्रजाती आहेत. कुळाचे नाव ओठावरून पडले आहे आणि जाड ओठ हीच पहिली खूण. तोंड डोक्याच्या अगदी टोकाला असते, दात सुटे असतात आणि पुढचे दात बहुतेकदा बाहेर डोकावतात. पाठीवरचा पर एकसंध असतो. त्याचा पुढचा भाग काटेरी व मागचा मऊ असतो. पोहण्याची पद्धत तर लांबूनही लक्षात येते. साधे मासे शेपटी हलवून पुढे जातात. रॅस छातीजवळचे दोन पर वल्ह्यासारखे मारत, किंचित उसळ्या घेत फिरतो. शेपटी तो पळून जायच्या वेळेलाच वापरतो.

या कुळातील सर्वांत मोठा मासा म्हणजे हंपहेड किंवा नेपोलियन रॅस, लांबी दोन मीटरपेक्षा जास्त. त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार २००४ पासून साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे. याची पिल्ले कोणी देऊ केली, तरी घेऊ नयेत.

रंगावरून ओळख का चुकते?

बहुसंख्य लोक माशाचा फोटो काढून रंग जुळवत बसतात. रॅसच्या बाबतीत हीच पद्धत सर्वांत कमी भरवशाची आहे. या कुळातील बहुतेक मासे आधी मादी असतात आणि पुढे त्यांतील काहींचे नरात रूपांतर होते. त्यामुळे एकाच प्रजातीचे तीन वेश दिसतात. पहिला पिल्लाचा, दुसरा मादीचा (काही प्रजातींत लहान नरही याच वेशात असतात) आणि तिसरा मोठ्या, वर्चस्व असलेल्या नराचा. हे तीन वेश इतके वेगळे असतात, की जुन्या काळी शास्त्रज्ञांनीही एकाच प्रजातीच्या नर-मादीला दोन वेगवेगळी नावे दिल्याची उदाहरणे आहेत.

बदल किती झटपट होतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे निळा क्लीनर रॅस. एक नर आणि काही माद्या अशा कळपातून नर नाहीसा झाला, तर सर्वांत मोठी मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते आणि साधारण दोन आठवड्यांत तिचे नरात रूपांतर पूर्ण होते. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात हे दाखवले गेले. टाकीत एकटाच ठेवलेला रॅस आपोआप रंग बदलू लागला, तर तो आजारी आहे असे लगेच मानू नये.

दुसरी अडचण टाकीतील निळ्या दिव्यांची. प्रवाळांसाठी लावलेल्या निळ्या एलईडीखाली लाल रंग काळपट आणि हिरवा रंग निळा दिसतो. ओळखीसाठीचा फोटो दुपारी, पांढऱ्या प्रकाशात काढावा. फोटो बाजूने, सर्व पर उघडलेले असताना आणि एक समोरून, असे किमान दोन हवेत. नव्या माशाचा रंग प्रवासाच्या ताणाने फिका पडलेला असतो. म्हणून पहिल्या दिवशीच्या फोटोवर विसंबू नये.

आधी हे पाहावे

रंग बाजूला ठेवून आधी मासा कोणत्या गटातील आहे, हे ठरवावे. प्रजातीचा विचार त्यानंतर. गट ठरवण्यासाठी चार गोष्टी पुरतात.

रात्री मासा कुठे जातो, ही सर्वांत सोपी खूण आहे. हॅलिकोरिस, कोरिस, अनॅम्पसिस आणि मॅक्रोफॅरिंगोडॉन या गटांतील मासे दिवे मालवायच्या आधीच वाळूत सूर मारतात आणि सकाळपर्यंत बाहेर येत नाहीत. सिरिलॅब्रस, पॅराकायलिनस आणि स्यूडोकायलिनस हे खडकाच्या कपारीत शिरतात आणि अंगाभोवती चिकट द्रवाची पारदर्शक पिशवी तयार करून तिच्यात झोपतात. सकाळी टाकीत कोळ्याच्या जाळ्यासारखा पातळ पडदा तरंगताना दिसला, तर तो कचरा नसून रात्रीचा हा मुक्काम असतो. नव्याने आणलेला वाळूतील रॅस कधीकधी दोन-तीन दिवस बाहेरच येत नाही. मेला समजून वाळू उकरणे टाळावे. त्यातच तो जास्त दुखावतो.

दुसरी खूण डोळा. सिरिलॅब्रस, पॅराकायलिनस आणि स्यूडोकायलिनस यांच्या डोळ्याच्या कॉर्नियाचे दोन भाग झालेले असतात. बाजूने नीट पाहिल्यास एकाच डोळ्यात दोन बाहुल्या असल्यासारखे वाटते. ही खूण कोणत्याही वयात, कोणत्याही रंगात टिकते. म्हणून आमच्या मते अनोळखी रॅससाठी सर्वांत आधी डोळ्याचाच जवळून फोटो घ्यावा. दोन बाहुल्यांचा भास झाला, तर मासा लहान आकाराचा आणि बहुतेकदा प्रवाळांसाठी सुरक्षित गटातील आहे, एवढे तरी नक्की होते. (सहा पट्ट्यांचा स्यूडोकायलिनस हेक्साटेनिया प्रवाळांना त्रास देत नाही, पण नंतर आणलेल्या लहान माशांचा पाठलाग करून त्यांना बेजार करतो.)

तिसरी खूण पाठीवरच्या परातील कठीण काटे. फोटो मोठा करून ते मोजता येतात. थॅलासोमा आणि लांब चोचीचा गॉम्फोसस यांना आठ काटे असतात. हॅलिकोरिस आणि कोरिस यांना नऊ, सिरिलॅब्रसला साधारणपणे अकरा आणि बोडियानसला साधारणपणे बारा. गॉम्फोसस आणि थॅलासोमा यांच्यात मात्र या मोजणीने फरक करता येत नाही. गॉम्फोससच्या पिल्लाची चोच आखूड असते आणि तो साध्या थॅलासोमासारखा दिसतो. पुढे चोच लांबते. आपल्याकडे हिंद महासागरातील गॉम्फोसस सेरुलियस येतो. त्याचा मोठा नर गर्द निळा असतो.

चौथी गोष्ट शरीराची ठेवण आणि वागणूक. नोव्हाक्युलिक्थिस म्हणजे ड्रॅगन रॅसचे पिल्लू तरंगत्या शेवाळाच्या तुकड्यासारखे डोलत फिरते आणि त्याच्या डोक्यावर पराचे दोन लांब काटे शिंगांसारखे उभे असतात. हे गमतीशीर पिल्लू पाहून अनेकजण घेतात. मोठेपणी तो ३० सें.मी.चा होतो आणि खाद्य शोधण्यासाठी दगड उलथवतो. काळ्या अंगावर मोठे पांढरे ठिपके असलेले पिल्लू दिसल्यास बोडियानस गटाचा विचार करावा.

लाल-नारंगी पिल्लू: कोरिसचा घोटाळा

दुकानांत सर्वाधिक गोंधळ होतो तो येथे. ‘कोरिस’ हे व्यापारातील नाव अगदी भिन्न माशांना लावले जाते. ‘येलो कोरिस’ म्हणून विकला जाणारा पिवळाधमक मासा मुळात कोरिस नाहीच. तो हॅलिकोरिस क्रायसस, कमाल लांबी सुमारे १२ सें.मी., स्वभावाने शांत. त्याच्या पाठीवरच्या परावर काळे ठिपके असतात. ‘ग्रीन कोरिस’ही हॅलिकोरिसच. उलट खऱ्या कोरिस गटातील कोरिस आयगुला १२० सें.मी.पर्यंत वाढतो. त्याचे पिल्लू पांढरट असते, पाठीवर दोन मोठे नारंगी डाग आणि त्यांच्या वर परात दोन काळे डोळ्यासारखे ठिपके असतात. अत्यंत देखणे पिल्लू असते, पण घरातील कोणत्याही टाकीत त्याला शेवटपर्यंत सांभाळणे शक्य नाही.

लाल-नारंगी अंगावर काळ्या कडांचे पांढरे पट्टे असलेले पिल्लू मात्र तीनपैकी एक असते.

कोरिस गेमार्ड हा पॅसिफिक महासागरातील आणि हिंद महासागराच्या पूर्व टोकाकडील मासा. फ्रेंच नौदलातील शल्यचिकित्सक व निसर्गअभ्यासक गेमार्ड यांचे नाव त्याला दिलेले आहे. पिल्लाच्या पाठीवरचे पांढरे डाग आखूड असतात, पाठीवर खोगीर टाकल्यासारखे. मोठेपणी अंग गडद निळसर-हिरवे, त्यावर चमकदार निळे ठिपके आणि शेपटी पिवळीधमक होते. लांबी ४० सें.मी.पर्यंत.

कोरिस क्युव्हिएरी हा त्याचा हिंद महासागरातील भाऊबंद. पूर्व आफ्रिका व तांबड्या समुद्रापासून पूर्वेकडे तो आढळतो. पूर्वी याला गेमार्डचीच उपजाती मानत असत. पिल्ले इतकी सारखी असतात, की रंगावरून फरक करण्याच्या फंदात पडू नये. येथे माशाचे मूळ ठिकाण निर्णायक ठरते. मालदीव, श्रीलंका किंवा केनियाकडून आलेले पिल्लू क्युव्हिएरी असण्याची शक्यता अधिक. इंडोनेशिया किंवा फिलिपिन्सहून आलेले गेमार्ड समजावे. मोठेपणी शेपटीवरून खात्री होते. क्युव्हिएरीला गेमार्डसारखी पिवळी शेपटी येत नाही.

तिसरा कोरिस फॉर्मोसा. हाही हिंद महासागरातला, पण ६० सें.मी.पर्यंत जाणारा. पिल्लाचे पांढरे पट्टे पाठीवरून अंगाच्या बरेच खालपर्यंत उतरतात आणि पाठीवरच्या परात ठळक काळा ठिपका असतो. लांब पट्टे आणि ठिपका या दोन्ही खुणा एकत्र दिसल्यास फॉर्मोसा धरावा.

तिन्ही मासे कठीण कवचाचे जीव फोडून खातात. टाकी स्वच्छ ठेवण्यासाठी सोडलेले शंख, शंखखेकडे, लहान खेकडे आणि सागरी साळू हे त्यांचे नैसर्गिक खाद्यच आहे. पिल्लू लहान असताना उपद्रव दिसत नाही. १२ ते १५ सें.मी. झाल्यावर दगड उलटणे सुरू होते, आणि न चिकटवलेले प्रवाळ वाळूत पडू लागतात. पिल्लू घेतानाच हा हिशेब करावा.

क्लीनर रॅस आणि त्याचा तोतया

निळ्या-पांढऱ्या अंगावर डोक्यापासून शेपटीकडे रुंद होत जाणारा काळा पट्टा असलेला लॅब्रॉयडीस डायमिडिएटस हा इतर माशांच्या अंगावरचे परजीवी वेचून खातो. समुद्रात मोठे मासे त्याच्यासमोर रांग लावून तोंड उघडून थांबतात. याच विश्वासाचा फायदा घेणारा दुसरा मासा आहे, ॲस्पिडॉन्टस टेनिएटस. हा रॅस नाही, ब्लेनी गटातील आहे. रंग, पट्टा, एवढेच काय पोहण्याची ढबही तो हुबेहूब उचलतो. त्याचे मुख्य खाद्य म्हणजे नळीत राहणारे किडे, शिंपल्यांचे मांस आणि इतर माशांची अंडी. संधी मिळाली की जवळ आलेल्या माशाच्या पराचा लचकाही तोडतो.

फरक तोंडात आहे. खऱ्या क्लीनरचे तोंड नाकाच्या टोकाला असते. तोतयाचे तोंड नाकाच्या खाली, मुशीसारखे मागे सरकलेले असते आणि खालच्या जबड्यात दोन लांब सुळे असतात. शिवाय तोतयाचा पाठीवरचा पर थेट डोक्यामागून सुरू होतो. टाकीतील माशांचे पर अचानक कुरतडलेले दिसू लागले, औषधांनी फरक पडत नसेल आणि ‘क्लीनर’ नुकताच आणलेला असेल, तर आधी त्याचा बाजूने फोटो घेऊन तोंड तपासावे. पर कुजण्याच्या रोगावर औषधे ओतत बसण्यापेक्षा हे पाच मिनिटांचे काम आहे.

खरा क्लीनर निघाला तरी तो घ्यावाच असे नाही. ऑस्ट्रेलियातील लिझर्ड बेटाजवळ झालेल्या अभ्यासात एक क्लीनर दिवसाला सुमारे १,२०० परजीवी खातो असे आढळले. घरातील पाच-सात माशांच्या अंगावर इतके खाद्य कोठून येणार? परिणामी अनेक क्लीनर टाकीत हळूहळू खंगतात. दुकानातच तो गोठवलेली आर्टेमिया किंवा मायसिस खाताना दाखवायला सांगावे. खात नसेल तर सोडून द्यावा.

पुस्तकात सापडत नसेल तर

सर्व खुणा तपासूनही नाव जुळत नाही, असे होऊ शकते आणि त्यात पाळणाऱ्याचा दोष असेलच असे नाही. मालदीवच्या गुलाबी-जांभळ्या सिरिलॅब्रसचे उदाहरण बोलके आहे. हा मासा शोभिवंत माशांच्या व्यापारात आधीपासूनच होता. चागोस बेटांजवळ सापडलेल्या एका पिल्लावरून १९८३ मध्ये वर्णन केलेल्या सिरिलॅब्रस रुब्रिस्क्वॅमिसचाच तो मोठा नर असावा, असे वर्षानुवर्षे धरले गेले. पुढे काटे, खवले आणि जनुके यांची तपासणी झाली आणि २०२२ मध्ये त्याला सिरिलॅब्रस फिनिफेन्मा हे स्वतंत्र नाव मिळाले. फिनिफेन्मा म्हणजे मालदीवच्या धिवेही भाषेत गुलाब, तेथील राष्ट्रीय फूल. हे वर्णन करणाऱ्यांत मालदीवचे संशोधक अहमद नजीब होते. मालदीवच्या माशाचे वर्णन करण्यात तेथील संशोधकाचा सहभाग असण्याची ही पहिलीच वेळ. मालदीव आपल्या लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटापासून फार लांब नाही, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्यासारखी आहे.

अशा वेळी दुकानदाराकडून पेटीवर लिहिलेले मूळ ठिकाण, शक्य असल्यास पकडल्याची खोली आणि आणल्याची तारीख लिहून घ्यावी. रॅसची अंडी पाण्यात तरंगतात आणि अळ्या अतिसूक्ष्म असतात. त्यामुळे क्लाउनफिशप्रमाणे त्यांचे व्यापारी प्रजनन सहज होत नाही आणि बाजारातील बहुतेक रॅस थेट समुद्रातून पकडलेले असतात. म्हणूनच ‘कोठून आला’ हे उत्तर सहसा मिळू शकते, फक्त विचारले पाहिजे. फोटो आणि ही नोंद घेऊन फिशबेससारख्या संकेतस्थळावर प्रजातीचा आढळ तपासावा. रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय किंवा मुंबईतील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था येथील तज्ज्ञांचाही सल्ला घेता येईल.

ओळख पटेपर्यंतची काळजी

मासा कोणताही निघो, काही गोष्टी सर्व रॅसना लागू पडतात. टाकीवर बारीक जाळीचे झाकण हवेच. घाबरलेला रॅस बोटभर फटीतूनही बाहेर उडी मारतो आणि टाकीबाहेर मरून पडलेल्या माशांत या कुळाचा नंबर वरचा आहे. विलगीकरण टाकीत तळ मोकळा ठेवण्याची पद्धत असते. वाळूत झोपणाऱ्या रॅससाठी तेथे पाच ते आठ सें.मी. बारीक वाळू भरलेला एखादा काचेचा वाडगा ठेवावा. खडबडीत प्रवाळचुरा वापरू नये, त्याने अंग खरचटते. तांबेयुक्त औषधे चाचणी संचाने मोजूनच द्यावीत, अंदाजाने नाही. मॅक्रोफॅरिंगोडॉन आणि अनॅम्पसिस यांच्या बाबतीत विशेष जपावे.

क्षारता ३३ ते ३५ पीपीटी, तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस, सामू ८.० ते ८.४ असावा. अमोनिया आणि नायट्राईट शून्य असावे. कोकणात मे महिन्यात वीज गेल्यावर टाकीचे तापमान झपाट्याने चढते, त्यासाठी पंख्याची किंवा बॅटरीवरील हवेच्या पंपाची सोय आधीच करून ठेवावी. आहार दिवसातून दोन-तीन वेळा, थोडा थोडा द्यावा. रॅस सतत हालचाल करतात, एकवेळच्या खाद्यावर त्यांचे पोट आत जाते. समोरून पाहिल्यास पोट खपाटीला गेलेले लगेच दिसते.

टाकी सजवण्यासाठी समुद्रातून प्रवाळ किंवा प्रवाळयुक्त खडक आणू नयेत. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार प्रवाळांना संरक्षण आहे. मालवणच्या सागरी अभयारण्याच्या परिसरात तर याबाबत अधिकच काटेकोर राहावे.

मासा मोठा होणाऱ्या प्रजातीचा निघाला, तर तो १२ सें.मी.चा होण्याआधीच दुसरी सोय पाहावी. दुकानदाराला परत द्यावा, मोठी टाकी असलेल्या पालकाला द्यावा किंवा सार्वजनिक मत्स्यालयाकडे विचारणा करावी. खाडीत किंवा समुद्रात मात्र सोडू नये. इंडोनेशियाहून आलेला कोरिस गेमार्ड आपल्या किनाऱ्यावरचा नाही, आणि टाकीतील रोगजंतू तो सोबत घेऊन जातो.